चुलीपासून सौर छपरापर्यंत : हिंगोली जिल्ह्यातील घरगुती ऊर्जेचा प्रश्न

ग्रामीण कुटुंबाच्या जमाखर्चात इंधनाला पूर्वी वेगळे स्थान नव्हते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरील बाभळीचे सरपण आणि उन्हात वाळविलेल्या गोवऱ्या यांवर वर्षाचा स्वयंपाक निभत असे. त्यासाठी रोख पैसा लागत नसे. लागत असत ते घरातील स्त्रियांचे श्रम. आज स्वयंपाकाचा गॅस आणि वीज या दोन्ही गोष्टी खेड्यापाड्यांत पोहोचल्या आहेत. त्याबरोबरच त्यांच्या दरांतील चढउतारही थेट स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. म्हणूनच पर्यायी ऊर्जेची चर्चा आता केवळ तज्ज्ञांपुरती राहिलेली नाही.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला हिंगोली जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजारांहून अधिक असून तीपैकी सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात. शेती हाच येथील जीवनाचा मुख्य आधार होय. त्यामुळे घरातील इंधन आणि शेतातील पीक यांचा संबंध येथे अतिशय जवळचा आहे. वसमत परिसरातील प्रसिद्ध हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. पण ही हळद काढणीनंतर शिजवावी लागते आणि त्यासाठीही जळण लागते. चूल आणि हळद यांची मागणी अशा रीतीने एकाच सरपणावर येऊन पडते.

दर का वाढतात?

भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस आयात करतो. त्याची किंमत आखाती देशांतील दराशी आणि रुपयाच्या विनिमय मूल्याशी निगडित असते. त्यामुळे कळमनुरीच्या घरातील सिलिंडरची किंमत दूरवरच्या बाजारपेठेत ठरते, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. दिल्लीतील दराचे उदाहरण घेतल्यास १४.२ किलोग्रॅमचा घरगुती सिलिंडर मार्च २०२३ मध्ये १,१०३ रुपयांवर गेला होता. ऑगस्ट २०२३ आणि मार्च २०२४ मधील कपातींनंतर तो ८०३ रुपयांवर आला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपयांनी वाढला.

विजेची गोष्ट निराळी आहे. तिचे दर १९९९ मध्येच स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. ग्राहकाच्या देयकात वीज आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क यांचा समावेश असतो. कोळसा महागला की इंधन समायोजन आकार वाढतो. शिवाय घरगुती दर टप्प्याटप्प्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात तो एकदम चढतो. ज्या कुटुंबाचा वापर ही सीमा ओलांडतो, त्याला दरवाढ अधिक जाणवते ती यामुळेच.

दरवाढीचा खरा भार

गॅस महागला म्हणून कोणाच्याही घरचा स्वयंपाक थांबत नाही. तो पुन्हा चुलीवर जातो. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून देशभरात १० कोटींहून अधिक जोडण्या देण्यात आल्या. मात्र या लाभार्थ्यांचा सरासरी वापर २०१९-२० मध्ये वर्षाला सुमारे तीन सिलिंडर एवढाच होता. अनुदान दिल्यानंतर २०२४-२५ मध्ये तो साडेचारच्या जवळ पोहोचला. वाढ स्वागतार्ह आहे; तथापि वर्षभराचा सारा स्वयंपाक एवढ्या गॅसवर होत नाही, हेही उघड आहे. उरलेला स्वयंपाक चुलीवरच होतो.

पारंपरिक चुलीत इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के भांड्यापर्यंत पोहोचते. उरलेली वाया जाते आणि धूर घरात कोंडतो. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला आणि तिच्याजवळ बसलेल्या लहान मुलांना श्वसनाचे विकार जडतात. सरपण गोळा करण्यात जाणारे तास कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. दरवाढीचा भार अशा प्रकारे पैशातून श्रमात आणि आरोग्यात सरकतो. पर्यायी साधनांचे मूल्यमापन करताना हा न दिसणारा खर्च जमेस धरणे अगत्याचे आहे.

गोबरगॅस : जुना परंतु उपयुक्त मार्ग

मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू निर्माण करण्याचा प्रयोग झाला होता. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे गोबरगॅस संयंत्रांचा देशभर प्रसार करण्यात आला. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलोग्रॅम शेण, म्हणजे चार-पाच जनावरे, आणि जवळजवळ तितकेच पाणी लागते. ते पूर्ण क्षमतेने चालल्यास महिन्याला निदान दीड सिलिंडरइतके इंधन मिळते. शिवाय गोवरी जाळल्याने नष्ट होणारे खत येथे मळीच्या रूपाने शेताला परत मिळते.

तरीही हा मार्ग सर्वांना खुला नाही. भूमिहीन मजुराच्या दारी चार जनावरे नसतात. ट्रॅक्टर आल्यावर अनेक शेतकऱ्यांनी बैल ठेवणे सोडले. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तर थंडीत वायूचे प्रमाण घटते. ज्याच्याकडे गोठा आणि विहीर आहे त्याच्यासाठी गोबरगॅस उत्तम होय; ज्याच्याकडे त्या नाहीत त्याच्यासाठी दुसरा विचार करावा लागतो.

सूर्याची वीज

मराठवाड्यात पावसाळ्याचे दिवस वगळता वर्षातील बहुतेक काळ स्वच्छ ऊन असते. एक किलोवॉट क्षमतेच्या सौर संचासाठी सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यापासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचास ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले.

येथेही दोन अडचणी संभवतात. पहिली छपराची : जुन्या माळवदाच्या किंवा कच्च्या पत्र्याच्या घरावर संच बसविण्यापूर्वी छपराची मजबुती तपासावी लागते. दुसरी लाभाची : ज्याचा वापर मुळातच १०० युनिटांच्या आत आहे, त्याची बचत थोडी होते, अधिक वीज वापरणाऱ्याची मोठी. म्हणजे अनुदानाचा ओघ सुस्थितीतील घरांकडे वळण्याचा संभव असतो. हे जाणूनच राज्य शासनाने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांसाठी जादा अनुदानाची योजना मंजूर केली.

गरज तशी ऊर्जा

एका साधनाने सर्व गरजा भागतील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. सौर पेटीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिच्यात डाळ-भात उत्तम शिजतो. परंतु शेतावर जाणारी स्त्री पहाटेच भाकऱ्या थापते; त्या वेळी ऊन नसते आणि भाकरी अखेर आरावर फुगवावी लागते. साधन चांगले असूनही ते दिनक्रमाशी जुळले नाही, म्हणून मागे पडले. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा धडाही असाच आहे. जेथे धुराड्याची सफाई आणि दुरुस्ती यांची सोय झाली नाही, तेथे त्या चुली लवकरच निकामी झाल्या.

पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. तेथून सोडलेले पाणी पुढे औंढा तालुक्यातील सिद्धेश्वर धरणात येऊन सिंचनाच्या कामी येते. एकाच पाण्यापासून वीज आणि पीक असा दुहेरी लाभ घेण्याची दृष्टी या परिसराला नवीन नाही. तीच दृष्टी घरगुती ऊर्जेसही लावता येईल. गोठा असलेल्या घरी गोबरगॅस, पक्के छप्पर असलेल्या घरी सौर संच आणि भूमिहीन कुटुंबाला परवडणाऱ्या दरात सिलिंडर व धूर कमी करणारी चूल, अशी विभागणी ग्रामसभेला आपल्या गावापुरती ठरविता येण्यासारखी आहे. तिच्या जोडीला गावातच दुरुस्ती करू शकणारे प्रशिक्षित तरुण हवेत. संयंत्र बसविले त्या दिवशी नव्हे, तर पाच वर्षांनंतरही ते चालू असेल आणि घरातील चुलीचा धूर खरोखर थांबला असेल, तरच पर्यायी ऊर्जा घरात रुजली असे म्हणता येईल.