बोलीचा रंगमंच

स्वतःचा आवाज ऐकण्यासाठी लंडनकडे कान लावावा लागणे, ही वसाहतीतील लेखकाची शोकांतिका होय. जमैकाच्या नाटककार ऊना मार्सन यांनी १९४३ मध्ये बीबीसीवर कॅरिबियन लेखकांचा कार्यक्रम आरंभिला; बेटांवरील लेखन लंडनला जाई आणि ध्वनिलहरींवरून स्वदेशी परते. याउलट लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधील ५२ पात्रे एकट्याने उभी केली, मराठवाड्याची बोली न सोडता परदेशांतही प्रयोग केले.

पातूरच्या विद्यार्थ्याने यातून बोध घ्यावा. घरची वऱ्हाडी वर्गात उच्चारताना तो ओशाळत असेल, तर दोष बोलीचा नव्हे. तिला स्नेहसंमेलनातही स्थान नाकारणाऱ्या शिक्षणदृष्टीचा आहे. बोलीचा रंगमंच प्रथम गावातच उभारला पाहिजे.