जपानी वंशाची जुनी गाडी : निवड आणि बांधणी

जपानी स्पोर्ट्स कारचा सुवर्णकाळ १९८० आणि १९९० च्या दशकांतला. टोयोटाची हलकी, मागच्या चाकांवर चालणारी एई८६ १९८३ साली आली. माझदाची दोन आसनी एमएक्स-५ आणि निसानची स्कायलाइन जीटी-आर या दोन्ही १९८९ च्या. त्याच वर्षी होंडाने व्हीटेक इंजिन बाजारात आणले. या गाड्यांचे आकर्षण महाराष्ट्रातल्या तरुणांनाही आहे, पण त्या मूळ रूपात इथे आणणे जवळपास अशक्य आहे. वापरलेली परदेशी मोटार तीन वर्षांहून जुनी असेल तर सर्वसाधारण नियमाने तिची आयात होत नाही. शिवाय सीमाशुल्काचा बोजा मोठा असतो.

लातूर, नांदेड किंवा परभणीतल्या हौशी माणसासाठी खरा मार्ग वेगळा आहे. जपानी घराण्यांतल्या काही गाड्या भारतातही बनल्या आणि विकल्या गेल्या. त्या दिसायला साध्या कौटुंबिक सेडान आहेत. पण त्यांचे सांगाडे आणि इंजिने शर्यतीत नाव कमावलेल्या गाड्यांशी नाते सांगतात. अशी गाडी नीट निवडली आणि योग्य क्रमाने बांधली, तर कमी खर्चात चालवण्याचा मोठा आनंद मिळतो. निवड करताना वेगाचा विचार शेवटी करावा. आधी पत्रा, कागदपत्रे आणि सुटे भाग पाहावेत.

कोणत्या गाड्यांचा विचार करावा

मारुती एस्टीम ही यातली सर्वांत सोपी सुरुवात. १९९० साली आलेली मारुती १००० ही सुझुकी कल्टसची भारतीय आवृत्ती होती. त्याच गाडीला १.३ लिटरचे इंजिन बसवून १९९४ साली एस्टीम आली. परदेशात स्विफ्ट जीटीआय नावाने गाजलेली छोटी स्पोर्ट्स हॅचबॅक याच कल्टस कुटुंबातली आहे. सुरुवातीच्या एस्टीमला कार्बोरेटर होता. नंतर आलेल्या १६ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (इंधन इंजेक्शनच्या) इंजिनाची ताकद ८५ अश्वशक्तीपर्यंत गेली. गाडीचे वजन मात्र ९०० किलोच्या आतच राहिले. म्हणजे एका अश्वशक्तीवर जेमतेम साडेदहा किलोंचा भार. भारतीय रॅलीमध्ये एस्टीम वर्षानुवर्षे धावली ती या हलकेपणामुळे. तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि तिचे इंजिन खोललेला मेकॅनिक तालुक्याच्या गावातही भेटतो.

मारुतीचीच १९९९ ची बलेनो सेडान एस्टीमपेक्षा मोठी आहे. तिला १.६ लिटरचे इंजिन आहे आणि ताकद ९४ अश्वशक्ती. २०१५ पासून विकल्या जाणाऱ्या बलेनो हॅचबॅकशी तिचा केवळ नावापुरता संबंध आहे. सुटे भाग मागवताना दुकानदाराला हे स्पष्ट सांगावे लागते.

होंडा सिटी भारतात १९९८ च्या सुरुवातीला आली. पुढे तिला मिळालेले १.५ लिटरचे व्हीटेक इंजिन १०६ अश्वशक्तीचे होते आणि त्या काळी या किमतीत अशी गाडी दुसरी नव्हती. व्हीटेकची करामत व्हॉल्व्हच्या उघडझापीत आहे. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना व्हॉल्व्ह कमी उघडतात, त्यामुळे शहरात गाडी शांत आणि काटकसरीने चालते. फेऱ्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्या की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि व्हॉल्व्ह उंच कॅमच्या ताब्यात जातात. ते जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात आणि इंजिन जोराने ओढू लागते. हे सारे तेलाच्या दाबावर चालते. म्हणून तेल कमी असलेली किंवा गाळाने भरलेली व्हीटेक गाडी घेऊ नये. २००३ साली आलेल्या पुढच्या सिटीचे आय-डीएसआय इंजिन मायलेजसाठी बनवले होते आणि त्याची ताकद ७७ अश्वशक्ती होती. हौशी माणसे जुनी व्हीटेकच शोधतात, त्याचे कारण हेच.

मित्सुबिशी लान्सर १९९८ साली हिंदुस्तान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवल्लूर कारखान्यातून बाजारात आणली. टॉमी मॅकिनेन या फिनिश चालकाने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे लान्सर इव्होल्यूशनवर जागतिक रॅलीचे विजेतेपद जिंकले. त्या मालिकेतल्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या इव्होल्यूशनचा सांगाडा भारतीय लान्सरच्याच पिढीचा आहे. भारतातले १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन ८७ अश्वशक्तीचे, म्हणजे बेताचे आहे. पण वळणावरची तिची पकड आजही वाखाणण्याजोगी आहे. २००६ साली आलेली सेडिया २ लिटरची, ११५ अश्वशक्तीची. राष्ट्रीय रॅली स्पर्धेत तिने अनेक वर्षे वर्चस्व गाजवले. दोन्हींची अडचण एकच, ती म्हणजे सुटे भाग. दिवे, बंपर आणि काचा मिळवताना दमछाक होते. म्हणून लान्सर घ्यायची तर पूर्ण आणि न ठोकलेलीच घ्यावी.

मराठवाड्याची हवा आणि पाणी

गाडी कुठे वापरली गेली यावर तिचा पत्रा ठरतो. मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत दाराचा तळ, चाकांवरच्या कमानी आणि डिकीचा खालचा भाग आतून गंजतो. वरून रंग चकचकीत असला तरी आत लांबी भरलेली असू शकते. लातूर, धाराशिव, बीडच्या कोरड्या हवेतल्या गाड्यांचा पत्रा त्या मानाने टिकतो. मूळ एमएच २४ (लातूर) किंवा एमएच २६ (नांदेड) पासिंगची, एका मालकाची गाडी मिळाली तर तिला प्राधान्य द्यावे.

याच हवेची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. पारा चाळिशीच्या वर गेला की रबर कडक होते. दारांच्या पट्ट्या, सस्पेन्शनचे बुश, होज पाइप आणि डॅशबोर्ड यांना तडे जातात. त्याहून मोठा शत्रू बोअरचे पाणी. लातूर परिसरातल्या जड पाण्यात क्षार भरपूर असतात. वर्षानुवर्षे तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले असेल तर आतल्या बारीक नळ्यांत खडीसारखा थर बसतो आणि इंजिन तापते. तापलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि हेड गॅस्केट उडते. म्हणून थंड इंजिनावरच रेडिएटरचे झाकण उघडून पाहावे. आत हिरवे किंवा लाल कूलंट असेल तर बरे, तांबूस गढूळ पाणी दिसले तर किंमत कमी करून मागावी किंवा गाडी सोडून द्यावी.

खरेदीपूर्वी तपासणी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. सुरू करताच निघणाऱ्या धुरावरून बरेच कळते. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. गोडसर वासाचा पांढरा धूर हटत नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. त्यानंतर मेकॅनिककडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडा किती, यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ असणे महत्त्वाचे. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून कमी असेल, तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजलेल्या आहेत, वाढला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे.

सांगाड्यासाठी गाडी रॅम्पवर चढवावी. पुढच्या दांड्या, शॉकअप बसतात ते टॉवर आणि खालचा तळ यांवर वेल्डिंगच्या खुणा असतील, तर गाडी मोठ्या अपघातातून गेली आहे. इंजिन नवे करता येते, वाकलेला सांगाडा पूर्वीसारखा होत नाही. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांहून जुने टायर बदलायचे, असे धरूनच हिशोब करावा.

कागदपत्रे

यातल्या बहुतेक गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेलेल्या आहेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झाले. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण करही लागतो. गाडी घेण्याआधी या रकमा किमतीत मिळवून पाहाव्यात.

आरसी बुकावरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर ताडून पाहावा. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आहे का, हे तपासावे. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात विकायला येतात. अशी गाडी घेताना मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

फेरबदलांवरही कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका आणखी पक्की केली. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची आधी परवानगी लागते. रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर व्हावी लागते. कर्कश सायलेन्सरवर पोलीस कारवाई करतात. म्हणून बांधणी मूळ रचनेच्या चौकटीत राहूनच करावी.

बांधणीचा क्रम

पहिला टप्पा गाडी निरोगी करण्याचा. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलावेत, कारण तिघांपर्यंत पोहोचण्याची मजुरी एकच लागते. रेडिएटर उघडून साफ करावा किंवा नवा घालावा. त्यात डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे भरावे, बोअरचे पाणी पुन्हा टाकू नये.

इंधनाची बाजू याच टप्प्यात पाहावी. २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आहे. लातूर जिल्ह्यातले साखर कारखानेही इथेनॉल बनवतात. या गाड्या त्या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. जुने रबरी पाइप आणि सील त्यात फुगतात, चिरतात. ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवावेत. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. त्यामुळे त्याच हवेसाठी जास्त इंधन लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेले एमपीएफआय इंजिन हा फरक बऱ्याच अंशी स्वतः सांभाळते. कार्बोरेटरच्या गाडीत मात्र जेट मोठा करावा लागतो. महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवायची असेल तर इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, हे लक्षात ठेवावे.

दुसरा टप्पा थांबण्याचा. डिस्क, पॅड, मागचे ड्रम आणि ब्रेकचे रबरी होज नवे करावेत. ब्रेक ऑइलही पाणी शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

तिसरा टप्पा वळण्याचा. चांगले टायर, नवे बुश आणि नवे शॉकअप यांनी जुन्या गाडीत जितका फरक पडतो, तितका कुठल्याही महागड्या भागाने पडत नाही. गाडी खाली बसवण्याचा मोह टाळावा. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे उठतात आणि खाली बसवलेल्या गाडीचा ऑइल संप त्यांवर आदळून फुटतो.

ताकद वाढवण्याचा विचार त्यानंतरच करावा. स्वच्छ इंजेक्टर, योग्य स्पार्क प्लग, नीट बसवलेले व्हॉल्व्ह आणि सुस्थितीतला क्लच एवढ्यानेच हरवलेली अश्वशक्ती परत येते. दुर्मीळ भागांसाठी पुण्यातली नाना पेठ आणि मुंबईतल्या कुर्ल्याचा सीएसटी रोड हे जुने आधार आहेत. बदललेल्या प्रत्येक भागाची तारीख, किलोमीटर आणि पावती एका वहीत लावून ठेवावी. पुढच्या दुरुस्तीला आणि कधी विकायची वेळ आली तर किमतीला या वहीचा उपयोग होतो.

पूर्ण झालेल्या गाडीचा वेग सार्वजनिक रस्त्यावर अजमावू नये. त्यासाठी कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. महाराष्ट्रात नाशिकच्या रॅलीची मोठी परंपरा आहे. स्पर्धेत उतरणाऱ्याला भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा परवाना, मान्यताप्राप्त हेल्मेट आणि रॅलीसाठी गाडीत रोल केज लागतो.