गोचिडीचा हिशेब

गोचीड म्हटली की मला गोठ्यातली म्हैस आठवते. तीच अमेरिकेत आपल्याला छळेल असं कधी वाटलं नव्हतं. २०२२ च्या जूनमध्ये कनेटिकटला लेकीकडे होतो. परसातलं गवत काढताना खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड मांडीला चिकटली. आठवड्याने लालसर वर्तुळ उठलं. लाइम रोग! त्याच राज्यातल्या लाइम गावाच्या आसपास १९७५ साली सांधे सुजलेली मुलं आढळली, म्हणून हे नाव. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स झाला. चट्टा गेला, थकवा आणि गुडघेदुखी मात्र पुण्यापर्यंत सोबत आली.

वर्षभराने कुणीतरी ‘कीटो’ सुचवलं. १९२१ साली अपस्मारासाठी पुढे आलेला हा आहार. भात-पोळी जवळजवळ बंद, तूप-लोणी भरपूर; मग शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं. लाइमवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण थकलेला माणूस काय करणार नाही? बँकेतल्या सवयीने वही केली. डावीकडे पोटात गेलेलं, उजवीकडे दुखणं. कर्बोदकं दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत. दोन वाट्या भातातच खातं ओव्हरड्रॉ!

सहा आठवड्यांत वजन चार किलोंनी उतरलं. थकवा जागच्या जागी. कादंबरीचं एक पान लिहायला दोन दिवस. पण खरी गोष्ट वहीत नव्हतीच. एकदा सहज तांदळाचा डबा उघडला, तर महिन्यापूर्वी भरलेला तसाच काठोकाठ. मला मोह नको म्हणून हिनेही वरणभात सोडला होता, न सांगता.

त्या दिवशी कुकर मीच लावला. जेवून दोघंही दुपारी गाढ झोपलो.