कलावंत कोणाला म्हणावे?

नवी मुंबईत वाशी येथे महापालिकेचे विष्णुदास भावे नाट्यगृह आहे आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तूही याच वाशीत आहे. पहिल्या ठिकाणी शनिवार-रविवारी नाटकांचे प्रयोग रंगतात, नृत्यवर्गांचे वार्षिक कार्यक्रम होतात. दुसऱ्या संस्थेच्या ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’, ‘अलंकार’पर्यंतच्या परीक्षांना देशभरातील विद्यार्थी बसतात. नेरूळ, खारघर, ऐरोली येथील कित्येक घरांतून संध्याकाळी मुले तबल्याच्या, गाण्याच्या, कथकच्या वर्गाला जातात. त्यांच्या पालकांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो. आपला मुलगा, आपली मुलगी खरोखरच कलावंत आहे का?

या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे समाजात रूढ आहेत. एक उत्तर बक्षिसांचे आणि प्रमाणपत्रांचे. दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत निवड झाली, परीक्षेत प्रथम श्रेणी मिळाली की कलेवर शिक्कामोर्तब झाले, असे मानले जाते. दुसरे उत्तर नेमके याच्या विरुद्ध टोकाचे. खरा कलावंत कोणाच्या सांगण्यावरून काम करत नाही, पैशाकडे पाहत नाही, व्यवहारात तो बसतच नाही, असे त्यात गृहीत असते. वस्तुतः दोन्ही उत्तरे कलेच्या बाहेरच्या गोष्टींवर बेतलेली आहेत. ज्यांचे नाव वाशीच्या नाट्यगृहाला आहे, त्या भाव्यांचे चरित्र पाहिले तर दुसरे उत्तर टिकत नाही. पहिले का टिकत नाही, हे कुमार गंधर्वांच्या आयुष्यावरून समजते.

राजाज्ञेतून जन्मलेले नाटक

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या मनात आले, की असे खेळ मराठीत, अधिक नेटकेपणाने व्हावेत. हे काम त्यांनी विष्णुदास भावे या आपल्या पदरच्या तरुणावर सोपवले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग झाला. आधुनिक मराठी रंगभूमीचा प्रारंभ याच प्रयोगापासून मानला जातो आणि म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो.

म्हणजे या रंगभूमीच्या मुळाशी कलावंताची स्वयंस्फूर्ती नव्हती, तर धन्याची फर्माईश होती. नमुनाही समोर तयार होता. तरीही भाव्यांनी केवळ भाषांतर करून हात झटकले नाहीत. आख्यानाची पदे त्यांनी स्वतः रचली. सूत्रधाराने पदे गायची आणि पात्रांनी त्या अनुरोधाने आयत्या वेळी भाषणे करायची, अशी पद्धत बसवली. नटांना तालीम दिली, सोंगांची आणि वेशभूषेची व्यवस्था पाहिली. हस्तकौशल्य त्यांच्या अंगी होतेच. त्यांच्या लाकडी बाहुल्या पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी जतन करून पुन्हा रंगमंचावर आणल्या.

खरी कसोटी मात्र त्यानंतर आली. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि राजाश्रय संपला. दरबाराच्या हुकमावरून सुरू झालेले काम दरबाराबरोबर थांबले असते, तर कोणी दोष दिला नसता. नाटकात सोंग घेऊन नाचणे त्या काळी प्रतिष्ठेचेही नव्हते. भाव्यांनी मंडळी मोडली नाही. ते गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईला येऊन त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. राजाच्या जागी त्यांनी प्रेक्षकाला बसवले. पैशाचा विचार त्यांनी केला तो नाटक जगावे म्हणून. मराठी व्यावसायिक रंगभूमीचा पाया अशा रीतीने घातला गेला.

१८६० च्या दशकाच्या आरंभी भावे या व्यवसायातून बाजूला झाले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आले. त्यात पात्रे स्वतः गाऊ लागली, भाषणे लिखित झाली आणि भाव्यांचा प्रकार हळूहळू जुना ठरला. १९०१ पर्यंत हयात असलेल्या भाव्यांना हा बदल पाहावा लागला. १८८५ मध्ये त्यांनी आपली नाट्यपदे संग्रहरूपाने छापून ठेवली. आपली रीत मागे पडते आहे हे दिसत असतानाही केलेले काम नीट मांडून ठेवावे, याला वेगळीच निष्ठा लागते.

गाणे थांबले तेव्हा

दुसरे उदाहरण संगीताचे. गांधर्व महाविद्यालयाची परंपरा ज्यांनी सुरू केली, त्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर. या देवधरांकडे मुंबईत शिकायला आलेला शिवपुत्र कोमकली हा बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ मध्ये जन्मलेला मुलगा. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या हुबेहूब गाऊन दाखवी. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्याला बालपणीच मिळाले. आजच्या भाषेत सांगायचे तर कोणतीही बालगायकांची स्पर्धा त्याने सहज जिंकली असती.

परंतु हुबेहूब गाणे हा आरंभ होता. ऐन तारुण्यात कुमारांना क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते मध्य प्रदेशातील देवासला गेले आणि काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई झाली. एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. मैफल नाही, टाळ्या नाहीत आणि रियाजही नाही, अशा अवस्थेत अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातील स्त्रियांची लोकगीते ऐकत राहिले. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या या साध्या धुनांमध्ये रागाचे बीज कसे दडलेले असते, याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला. त्यातून पुढे लोकधुनांवरून सुचलेले ‘धुनउगम’ राग आले आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आजारातून उठल्यावर कुमार जे गायले, ते पूर्वीच्या गाण्यापेक्षा निराळे होते. त्यात कोणाची नक्कल नव्हती. घराण्यांच्या शिस्तीत वाढलेल्या अनेक जाणकारांना ते रुचले नाही, त्यावर वादही झाले. गळ्याचे कौशल्य त्यांच्याजवळ बालपणापासून होते. देवासच्या मौनात त्यात भर पडली ती स्वतःच्या प्रश्नाची.

आधार गेल्यावर

भाव्यांचा आश्रय गेला आणि कुमारांचा आवाज. दोघांच्या बाबतीत काम चालू राहण्याचे बाहेरचे कारण संपले होते, तरी काम संपले नाही. कारण मधल्या काळात ते काम त्यांचे स्वतःचे झाले होते. मूळ कल्पना राजाची असो वा बंदिश गुरूची, तिच्यातील अडचण जेव्हा माणसाची स्वतःची होते, तेव्हा कारागिरी कलेच्या वाटेला लागते.

याचा अर्थ तालीम किंवा परीक्षा निरर्थक आहेत, असा मुळीच नाही. पदे रचण्याचा हातखंडा नसता तर भावे राजाज्ञा पार पाडू शकले नसते. देवधरांची तालीम नसती तर लोकधुनेतील राग कुमारांना ऐकूच आला नसता. प्रमाणपत्र हे तयारीचे माप आहे आणि तेवढ्यापुरते ते प्रामाणिकही आहे. त्यापलीकडचे माप त्याच्याजवळ मागू नये, इतकेच.

तेव्हा मुलांच्या बाबतीत पालकांनी बक्षिसांच्या संख्येपेक्षा एक साधी गोष्ट पाहावी. स्पर्धा संपल्यावर, वर्गाला सुटी असताना, कोणी ऐकायला नसताना मूल आपल्या तबल्याकडे, रंगपेटीकडे वळते का? न जमलेली जागा त्याला अस्वस्थ करते का? अशी सगळीच मुले पुढे नामवंत होतील असे नाही. पण बक्षीस मिळो वा न मिळो, कलेशी त्यांचे नाते जडलेले असते आणि घरच्यांनी जपायचे ते हेच नाते.