आठ दिवसांचा आठवडा

बत्तीर, वेस्ट बँक, ऑक्टोबर

आपण सात दिवसांना आठवडा म्हणतो. नावाला जागणारा आठवडा मला इथे भेटला. बत्तीरमध्ये आठ घराणी. झऱ्याचं पाणी एकेका घराण्याला एकेक दिवस, म्हणून पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा. रात्रभर हौद भरतो, सकाळी खुणांची काठी बुडवून पाणी किती चढलं ते पाहतात आणि भाऊबंदांत वाटून घेतात. पुढे दगडी पाटांतून ते आपसूक वांग्यांकडे उतरतं. आपल्यासारखी पंपासाठी रात्रीच्या लाइटीची वाट बघणं नाही.

बीडच्या माणसाला इथे खजाना विहीर आठवणारच. सोळाव्या शतकात बांधलेल्या त्या विहिरीचं पाणीही भुयारी पाटांतून, नुसत्या उताराने शेतांत जातं. आपण पुढे बोअरच्या नादी लागलो, तो भाग वेगळा.

गाव जेरुसलेमच्या नैऋत्येला, डोंगरउतारावर. आपल्या पौळीसारख्या बिनचुन्याच्या दगडी ताली पायरीपायरीने खालपर्यंत. बत्तीरचं वांगं नावाजलेलं. भरतात, पण तांदूळ आणि खिमा घालून. काळ्या मसाल्यावाचून भरलं वांगं पचवायला मला दोन दिवस लागले! ऑलिव्ह मात्र पावसावरच. जिरायतीला इथे ‘बाल’ म्हणतात. बाल हा इथला प्राचीन पर्जन्यदेव.

दरीत 1892 ची याफा-जेरुसलेम रेल्वे. 1949 ची शस्त्रसंधी रेषा इथेच आखली गेली. रुळांपलीकडची, इस्रायलकडे गेलेली जमीन गावाने कसायची, बदल्यात गाडीला धक्का लागू द्यायचा नाही, असं ठरलं. गाडी आता इथे थांबत नाही. 2014 मध्ये युनेस्कोने या ताली जागतिक वारसा ठरवल्या आणि त्याच दमात धोक्यातल्या यादीत घातल्या, कारण इस्रायलची भिंत दरीतून जाणार होती. ती अडली, पण 2024 मध्ये याच परिसरात नव्या वसाहतीला इस्रायल सरकारने मंजुरी दिली. पाण्याचा वाद काठीने मिटतो, जमिनीचा तसा मिटत नाही.

सध्या ऑलिव्ह उतरवायचे दिवस. बाहेर गेलेली लेकरं, जावई, सगळे गावी परततात. आपल्याकडे याच सुमारास धारूर-वडवणीकडून ऊसतोडीचे कोयते निघतात आणि गावात म्हातारी माणसं उरतात. माझे यजमान इस्रायलमध्ये बांधकामावर जायचे. ऑक्टोबर 2023 नंतर परवाने बंद झाले, तेव्हापासून तालीवरच असतात. त्यांना ऊसतोडीचं सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न: “मग तुमच्या पाळीचं पाणी कोण धरतं?”

उद्या त्यांची पाळी. पहाटे हौदावर जायचंय.