नऊ घुमटांचा कारखाना

दक्षिण वेल्समधील ब्रिनमॉर या लहानशा गावातील रबराचा कारखाना २००१ साली पाडण्यात आला. तो बंद पडला होता १९८२ साली. मधली एकोणीस वर्षे इमारत उभी होती, पण ती कशासाठी उभी आहे हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. याच काळात, १९८६ मध्ये, तिला संरक्षित वास्तूचा वरचा दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेल्या इमारतींपैकी हा मान मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिलीच. कायद्याने जिला अभय दिले तीच पाडली जावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

ब्रिनमॉर हे कोळशाच्या आणि लोखंडाच्या मुलखातले गाव. दोन महायुद्धांमधल्या मंदीने त्याचे कंबरडे मोडले. बहुसंख्य कर्ते पुरुष बेकार झाले. क्वेकर पंथाच्या काही कार्यकर्त्यांनी तेथे मुक्काम ठोकून जोडे आणि फर्निचर बनविण्याचे छोटे उद्योग सुरू केले. लॉर्ड फॉरेस्टर हे उमराव-उद्योजक त्या चळवळीच्या सहवासातले. युद्ध संपताच त्यांनी येथे मोठा कारखाना काढण्याचे ठरविले, आणि त्याचा आराखडा नामवंतांकडे न देता आर्किटेक्ट्स को-पार्टनरशिप या तरुण वास्तुविशारदांच्या मंडळीवर सोपविला. बांधकामाचे गणित मांडले ओव्ह अरुप यांच्या कचेरीने; पुढे सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे छप्पर ज्यांनी उभे करून दाखविले, तेच हे अरुप.

युद्धोत्तर काळात पोलादाची टंचाई होती. तेव्हा मुख्य दालनावर काँक्रीटचे नऊ उथळ घुमट घालण्यात आले. घुमटाची जाडी अवघी काही इंच. अंड्याचे कवच तळहातात दाबले तर सहसा फुटत नाही, कारण भार पेलतो तो त्याचा आकार. येथेही तेच तत्त्व होते. प्रत्येक घुमट चार कोपऱ्यांवर टेकलेला, त्यामुळे खालची विस्तीर्ण जमीन खांबांच्या गर्दीतून मोकळी झाली. घुमटांना गोल झरोके होते आणि त्यांतून वरचा उजेड थेट यंत्रांवर पडे. परंतु या इमारतीतील सर्वांत धीट कल्पना काँक्रीटची नव्हतीच. मालक, अधिकारी आणि कामगार यांनी एकाच भव्य प्रवेशद्वाराने आत यावे, अशी तिची रचना होती. ज्या देशात साहेबाचे दार निराळे आणि मजुराचे निराळे, हा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

धंदा मात्र फसला. मूळ कंपनी लवकरच बुडाली आणि इमारत डनलॉपकडे गेली. तिथे ‘सेमटेक्स’ नावाची फरसबंदी तयार होऊ लागली. (त्याच नावाच्या कुप्रसिद्ध स्फोटकाशी तिचा संबंध नाही.) पुढची जवळजवळ तीस वर्षे गावातील कित्येक संसार या छपराखाली चालले. ही गोष्ट वास्तुशिल्पाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकली जाते, आणि तो त्या पुस्तकांचा दोष आहे.

कारखाना बंद झाल्यावर आत शिरणाऱ्याला काय दिसत असेल? यंत्रे उचलून नेलेली, जमिनीवर साचलेले पाणी, आणि त्या पाण्यावर झरोक्यांतून उतरलेली उजेडाची वर्तुळे. छायाचित्रकारांना अशा जागांचा मोह पडतो. गावाला तो पडला नाही, यात नवल नाही. ज्या दारातून भाकरी येत होती ते दार बंद झाल्यावर त्याच्या कमानीचे कौतुक करावे, ही अपेक्षा दुरून येणाऱ्यानेच करावी. शेजारच्या एबव्ह व्हेलचा पोलाद कारखानाही २००२ साली बंद झाला. त्या खोऱ्यांत हवे होते ते काम.

संरक्षणाचा शिक्का मालकाचा हात धरू शकतो. पण त्या दालनात नवा उद्योग आणून बसविणे त्याच्या आवाक्यात नसते. एवढ्या मोठ्या, एका कामासाठी बेतलेल्या वास्तूला नवे कूळ मिळाले नाही. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा, हे ठरेपर्यंत पावसाने आपले काम चालूच ठेवले. आधी छप्पर गळू द्यायचे आणि मग गळके छप्पर हाच पाडण्याचा पुरावा म्हणून पुढे करायचा, ही रीत सर्वत्र चालते आणि तिला कोणी गुन्हा म्हणत नाही. वास्तुप्रेमींनी विरोध केला, लेख लिहिले, पर्याय सुचविले. त्यांचा आग्रह योग्यच होता, पण तो कारखाना चालू असताना, डनलॉपच्या पाट्या उतरण्यापूर्वी, कोणी धरला असता तर त्याला अधिक धार आली असती.

अखेर नऊही घुमट गेले. तळ्याकाठचे, कमानदार छपराचे बॉयलरघर तेवढे त्या वेळी पाडले गेले नाही. कारखान्याला वाफ पुरविण्यासाठी ते बांधलेले होते.