अंत्यदर्शन, लेखांक ७ : घोडनदीचा सत्पुरुष

सरदारगृहात पद्मासनात बसवलेल्या टिळकांपाशी मागच्या आठवड्यात थांबलो होतो. देह निजवायचा सोडून बसवला का, हे आज सांगायचं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मधेच दौंडहून एक पत्र आलंय, हयात रेल्वेत गेलेल्या एका गृहस्थांचं, आणि ते बाजूला ठेववत नाही.

ते म्हणतात, अंत्यदर्शन हे खात्रीसाठी असतं. गावात कोणी गेलं की मुंबईहून लेक येईपर्यंत तिरडी उचलत नाहीत. ती येते, तोंडावरचं कापड सरकवतात, ती बघते आणि मग हंबरडा फोडते. तोवर तिचं मन मानत नसतं. पुढाऱ्याचं, नटाचं तेच. पण आता तर सगळं मोबाइलवर दिसतं, मग ही गर्दी ओसरायला हवी होती. ती का ओसरत नाही?

पत्राचा पहिला भाग इतका खरा आहे की त्यांच्या बाजूनं मीच एक साक्षीदार उभा करतो : काशीराज पंडित. पानिपतावर तो शुजाउद्दौलाच्या गोटात होता. विश्वासरावांचा देह अब्दालीच्या छावणीत आणला तेव्हा तो बघायला सारी फौज लोटली, शत्रूचे शिपाईही त्या रूपाची वाखाणणी करत होते, आणि दुराणी लोक तर देह वाळवून, पेंढा भरून काबूलला न्यायचा हट्ट धरून बसले होते, असं त्यानं लिहून ठेवलंय. भाऊसाहेबांचं धड मात्र शिराविना सापडलं. अंगावरच्या खुणांवरून ते ओळखलं गेलं आणि अग्नी दिला गेला. हे पाहणारे सगळे परक्या गोटातले. पुण्यानं पाहिलं नव्हतं.

मग जे व्हायचं ते झालं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. उत्तरेकडून एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उगवला. त्याला पकडलं, खोटा ठरवलं, कैदेत टाकलं. तरी लोकांच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली. पानिपताला पंधरा वर्षं झाल्यावर, १७७६ साली, रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानंच त्याला कैदेतून काढून पुढे केलं, आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ याच प्रकरणावर आहे. शनिवारवाड्यासमोर चार घटका देह ठेवता आला असता, तर एवढी फौज जमवणं कुठल्याही तोतयाला जड गेलं असतं, असं मला पक्कं वाटतं.

गोव्यातही तेच. पोर्तुगालच्या सरकारनं १७५९ मध्ये जेझुइटांना हाकलल्यावर कुजबूज सुरू झाली की जाताना त्यांनी सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव पळवून दुसरंच ठेवलंय. म्हणून १७८२ मध्ये शवपेटी उघडून लोकांना दाखवावी लागली. दर दहा वर्षांनी भरणाऱ्या शवप्रदर्शनाच्या मुळाशी असा हा संशय आहे.

इथवर दौंडकरांची सरशी. पण सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनला राणी एलिझाबेथच्या शवपेटीपुढून चार-साडेचार दिवसांत सुमारे अडीच लाख माणसं गेली. डेव्हिड बेकहॅमही बारा-तेरा तास रांगेत होता. आणि पेटी बंद होती! तोंड कुणालाच दिसलं नाही. खात्री कसली करणार होते?

लंडन लांब राहिलं. आमच्या शिरूरच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेसचं थडगं आहे. वसईच्या तहानंतर बाजीरावाच्या गळ्यात पडलेल्या तैनाती फौजेचा तळ इथंच, घोडनदीला होता. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढली ती पलटण आदल्या रात्री याच तळावरून निघाली होती. वॉलेस त्याआधीचा. असईच्या लढाईत, १८०३ साली, तो वेलस्लीच्या हाताखाली शिंद्यांच्या फौजेवर चालून गेला होता. १८०९ साली तो शिरूरलाच वारला.

पुढचं पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये आहे. साहेब जाऊन पंचाहत्तर वर्षं उलटली होती, त्याला पाहिलेलं क्वचितच कोणी उरलं असेल. तरी शिरूर आणि आसपासच्या खेड्यांतले बहुतेक हिंदू त्या थडग्याला भजत होते, नवस बोलत होते, फेडत होते. त्याला नाव पडलं होतं सत्पुरुष. सुगीला पहिलं धान्य त्याला नैवेद्य म्हणून यायचं. इकडचं रान ज्वारी-बाजरीचं, पाऊस बेभरवशाचा. अशा मुलखात पहिली रास घरात जाण्याआधी ज्याच्या नावानं बाजूला निघते, तो मान ग्रामदैवताचा. तो मिळाला आपल्याच मुलखावर चालून आलेल्या एका गोऱ्या कर्नलला! त्यानं असं काय केलं होतं, हे गॅझेटियरवाल्यानं सांगितलं असतं तर त्याचे उपकार झाले असते. तो जिवंतपणीच भला माणूस म्हणून वाखाणला गेला असेल, असा माझा कयास.

पण त्या धान्याकडे बघा. माणसं तिथं बघायला जात नव्हती, काही घेऊन जात होती. मोठ्या माणसाशी आपला व्यवहार एकतर्फी असतो. त्यानं दिलेलं आपल्यापर्यंत पोचतं, आपलं त्याच्यापर्यंत कधी पोचत नाही. देह दारात असतो तेवढा वेळ, नाहीतर मग थडग्यापाशी, समाधीपाशी, आपल्या हातून काही तिकडे जाऊ शकतं. म्हणून रांगेतला माणूस सहसा रिकाम्या हातानं नसतो, निदान एक फूल तरी असतंच. आणि मोबाइलवर फूल वाहता येत नाही, हो गार्डसाहेब! (तुम्ही गार्डच होता ना? पत्रात हुद्दा लिहिलेला नाही, हा माझा अंदाज.)

याचं सर्वांत मोठं उदाहरण १९५६ चं. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले. देह विमानानं मुंबईला आणला, राजगृहात ठेवला, आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्याच महिन्यात १६ तारखेला मुंबईत ते स्वतः धम्मदीक्षेचा सोहळा करणार होते. तो राहून गेला. तेव्हा चितेच्या साक्षीनं, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून, लाखावर माणसांनी तिथंच दीक्षा घेतली. माणसं आली होती शेवटचं बघायला, आणि बाबासाहेबांचं अर्धं राहिलेलं काम उरकून परतली. जगात कुठल्या अंत्ययात्रेत असं घडल्याचं माझ्या वाचनात नाही.

दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलापूर, कलबुर्गीकडून मुंबईला जादा गाड्या सोडतात, त्या दौंडवरूनच जातात. आता देह नाही, चैत्यभूमी आहे; जाताना माणसं मेणबत्त्या नेतात आणि येताना शिवाजी पार्कावरच्या दुकानांतून पुस्तकं आणतात. तुमच्या नोकरीत या गाड्या किती तरी वेळा तुमच्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील. ती जातानाची आणि येतानाची गर्दी कशी असायची, तेवढं पुढच्या पत्रात सविस्तर कळवा.